गॉस्पेल गीतांचे कर्ते : माझ्या आधीच्या निबंधातील एका चुकीची दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत मी बेळगावातल्या जुन्या पायपेट्यांविषयी बोललो होतो. बोलण्याच्या ओघात एका इंग्रजी भक्तिगीताची गोष्ट सांगितली. बोट बुडून चार मुली गेल्या. बाप दुसऱ्या बोटीनं निघाला. मुली बुडाल्या ती जागा आल्यावर त्यानं तिथंच, खोल पाण्यावर, हे गीत लिहिलं. गोष्ट रंगली. सभा गप्प झाली. बोलणाऱ्याला असं झालं की बरं वाटतं, तसं मलाही वाटलं.

पुढच्या चार-सहा महिन्यांत जास्त वाचन झालं आणि लक्षात आलं, की मी जे छातीठोकपणे सांगितलं त्याला तेवढा आधार नाही. एरवी मी पुढच्या टिपणात दोन ओळींची दुरुस्ती देऊन मोकळा झालो असतो. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. सभा संपल्यावर त्या माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "तिथल्या तिथं लिहिलं म्हणतोस? मग मीही धीर धरायला पाहिजे." हे वाक्य मनातून जाईना. म्हणून हा स्वतंत्र निबंध.

पेटीवाल्याचा मुलगा

मी ख्रिस्ती नाही. या गाण्यांशी माझा संबंध वडिलांमुळे आला. ते पेट्या दुरुस्त करायचे. हातपेटी, पायपेटी, ऑर्गन, काहीही आलं तरी नाही म्हणायचे नाहीत. भाता फाटलेला, पट्ट्या अडकलेल्या, सूर उतरलेले, सगळं आमच्या पडवीत येऊन पडायचं. मोठे ऑर्गन मात्र जागेवर जाऊनच बघावे लागत. त्यामुळं वडिलांच्या पिशवीला दोन घरं माहीत होती, एक नाटकवाल्यांचं आणि दुसरं चर्चचं. काम झालं की चर्चमध्ये वाजवणाऱ्या बाई एखादं गीत वाजवून बघत. मग वडील त्याच पट्ट्यांवर हळूच एखादं नाट्यपद धरत. कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

आपल्या गावाला हे दोन्ही ओघ जवळचे. लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 मध्ये इथं आले, आणि 1904 मध्ये ते काम अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेलं. दुसरीकडे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्याला 1880 मध्ये रंगभूमीवर आलं. पेटीचा इतिहासही याच काळातला. पॅरिसच्या देबाँ यांनी हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये घेतलं, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास मांडी घालून वाजवायची हातपेटी काढली. त्याच 1875 मध्ये अमेरिकेत ‘गॉस्पेल हिम्स अँड सेक्रेड साँग्ज’ हे पुस्तक निघालं आणि एका नव्या गीतप्रकाराला नाव मिळालं.

गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. चर्चमध्ये गीतं त्याआधी शेकडो वर्षं होतीच. मग यात नवं काय होतं? चाली सोप्या, घरच्या बैठकीत आणि रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या गाण्यांसारख्या. प्रत्येक कडव्यानंतर धृपद, म्हणजे शब्द पाठ नसलेल्यालाही तिथं सूर मिसळता येतो. आणि बोलणं ‘मी’चं, माझं दुःख, माझा भरवसा. आपल्याकडे ज्यांनी भजनात मागच्या रांगेत बसून टाळ वाजवलाय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

सँकी आणि काळी चार

या गाण्यांचा प्रसार केला आयरा सँकी (1840–1908) यांनी. ते स्वतः गायक. 1870 मध्ये इंडियानापोलिसच्या एका अधिवेशनात त्यांना प्रवचनकार मूडी भेटले. मूडींनी त्यांना नोकरी सोडून बरोबर यायला लावलं. 1873 ते 1875 ही दोन वर्षं दोघं ब्रिटनभर फिरले. मूडी बोलायचे आणि सँकी लहानशा ऑर्गनवर बसून गायचे.

स्कॉटलंडात हे सोपं नव्हतं. तिथल्या कडक मंडळींना उपासनेत फक्त स्तोत्रं चालत, वाद्य नको असे. ऑर्गनला ते थट्टेनं ‘शिट्ट्यांची पेटी’ म्हणत. अशा ठिकाणी सँकींचं सगळ्यात गाजलेलं गाणं जन्माला आलं. 1874 मध्ये ग्लासगोहून एडिंबरोला जाताना त्यांनी आगगाडीत वाचायला एक वर्तमानपत्र घेतलं. त्याच्या कोपऱ्यात हरवलेल्या मेंढरावरची एक कविता होती. ती त्यांनी कापून ठेवली. दुसऱ्या दिवशी सभेत विषय निघाला चांगल्या मेंढपाळाचा. मूडींनी अचानक गायला सांगितलं. सँकींनी कात्रण ऑर्गनवर ठेवलं, ए फ्लॅटचा मेळ धरला आणि चाल तिथल्या तिथं लावली. ए फ्लॅट म्हणजे आपली काळी चार. पहिलं कडवं झाल्यावर त्यांना धास्ती पडली, की आत्ता गायलेली चाल दुसऱ्या कडव्याला आठवेल का? आठवली. ‘द नाइन्टी अँड नाइन’ ते हेच.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. कविता लिहिणाऱ्या एलिझाबेथ क्लेफन तेव्हा हयातच नव्हत्या. मेलरोज गावच्या या बाई 1869 मध्ये, चाळिशीही न गाठता गेल्या. आपल्या ओळींना चाल लागली, हजारो लोक त्या गाताहेत, हे त्यांना कळलंच नाही. पुढं त्यांच्या बहिणीनं सँकींना पत्र लिहून कळवलं, तेव्हा सँकींना ही कविता कुणाची ते समजलं.

या पुस्तकांच्या पैशांबद्दलही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये सँकींचं ‘सेक्रेड साँग्ज अँड सोलोज’ सोळा पानी चोपडी म्हणून निघालं आणि वाढत वाढत बाराशे गीतांचं झालं. अमेरिकेतल्या पुस्तकाचेही 1891 पर्यंत सहा भाग निघाले. मूडी आणि सँकींनी यातला मानधनाचा पैसा स्वतःकडे ठेवला नाही. तो विश्वस्तांच्या हाती देऊन चर्चच्या आणि शाळांच्या कामाला लावला. हे त्यांच्या बाजूनं मोठंच. पण गीत लिहिणाऱ्यांच्या हाती काय पडलं, हा प्रश्न उरतोच.

एका गीताचे दोन डॉलर

त्याचं उत्तर फॅनी क्रॉस्बी (1820–1915) यांच्या आयुष्यात सापडतं. न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यात जन्म. सहा आठवड्यांच्या असताना डोळे आले आणि दृष्टी गेली. डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसानं गरम पोटिस बांधलं म्हणून असं झालं, असं घरचे मानत. आताचे काही अभ्यासक म्हणतात की अंधत्व जन्मतःच असावं. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत त्या शिकल्या, मग तिथंच शिक्षिका झाल्या. लग्न झालं, एक मूल झालं आणि ते तान्हेपणीच गेलं.

अंधशाळेत जॉर्ज रूट नावाचे संगीतकार शिकवायला येत. त्यांच्या लौकिक गाण्यांसाठी क्रॉस्बी आधी शब्द लिहून देत. गाणी खपली, रूट यांचं नाव झालं, बाईंना किरकोळ पैसे मिळाले. 1864 पासून त्या भक्तिगीतांकडे वळल्या आणि मग थांबल्याच नाहीत. एकंदर आठ हजारांवर गीतं. डोक्यात रचायची, कडवी मनात रांगेनं लावून ठेवायची आणि लिहून घेणारं कुणी भेटलं की सांगायची. एका गीताला मिळायचे एक-दोन डॉलर. एकाच पुस्तकात एकच नाव सारखं दिसू नये म्हणून त्यांना जवळपास दोनशे टोपणनावं घ्यावी लागली. म्हणजे कित्येक गाण्यांखाली त्यांचं खरं नावही नाही.

त्यांचे एक संगीतकार विल्यम डोन हे सिनसिनाटीचे लाकूडकामाच्या यंत्रांचे कारखानदार, सधन गृहस्थ. 1868 मध्ये ते गाडी पकडायच्या घाईत बाईंकडे आले, एक चाल वाजवली आणि म्हणाले, याला शब्द हवेत. बाई आतल्या खोलीत गेल्या आणि अर्ध्या तासात ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’ घेऊन बाहेर आल्या. मूल गमावलेल्या आयांसाठी हे गीत लिहिलं, असं त्या सांगत. स्वतःच्या तान्ह्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. 1873 मध्ये फीबी नॅप या मैत्रिणीनं अशीच एक चाल ऐकवली आणि विचारलं, ही काय म्हणते? त्यावर ‘ब्लेसेड अ‍ॅश्युरन्स’ झालं. आधी चाल, मग शब्द. किर्लोस्करांनी कानडी पदांच्या, बायकांच्या गाण्यांच्या चाली घेऊन पदं बांधली, त्याच धर्तीचं हे काम. वडील म्हणायचे, चालीला शब्द बसवणं म्हणजे जुन्या पेटीला नवा भाता बसवणं, हवा कुठून निसटते ते वाजवल्याशिवाय कळत नाही.

नाव नसलेली कविता

‘व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस’ हे गीत तर आपल्या मराठी मंडळ्यांतही पिढ्यान्‌पिढ्या गायलं जातं. लिहिणारे जोसेफ स्क्रिव्हन मूळचे आयर्लंडचे. लग्नाच्या आदल्या दिवशी वाग्दत्त वधू बुडून मेली. ते कॅनडात गेले. तिथं दुसऱ्यांदा लग्न ठरलं, तर तीही आजारानं गेली. 1855 मध्ये आयर्लंडातल्या दुखण्याईत आईला धीर द्यायला त्यांनी ही कविता पाठवली. छापायचा विचारही नव्हता. 1868 मध्ये चार्ल्स कन्व्हर्स यांनी चाल दिली. तेही गंमत म्हणजे वकील. गीत पसरलं, पण बराच काळ लोक ते होरेशियस बोनार या प्रसिद्ध स्कॉटिश कवीचंच समजत. निनावी चांगली ओळ सापडली की ती मोठ्या नावाच्या खात्यावर जमा होते. कित्येक निनावी अभंग तुकोबांच्या नावावर जमा झाले, तसंच हे.

असाच घोळ पुढच्या काळातही झाला. आज गॉस्पेल म्हटलं की तरुणांच्या डोळ्यांसमोर येतं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. त्याचे एक मोठे कर्ते थॉमस डॉर्सी (1899–1993). आधी ते ब्लूजचे पियानोवादक. 1932 मध्ये ते गायला परगावी गेले असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूलही गेलं. त्या दुःखात एका जुन्या चालीला वळण देऊन त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ बांधलं. टॉमी डॉर्सी नावाचा एक गोरा बँडवाला त्या काळी फार प्रसिद्ध होता. नामसाधर्म्यामुळं हे गीत कित्येकदा त्याच्या नावावर सांगितलं जातं.

आता माझी चूक

होरेशियो स्पॅफर्ड हे शिकागोचे वकील. 1871 च्या शिकागोच्या आगीत त्यांचं मोठं नुकसान झालं. 1873 मध्ये बायको ॲना आणि चार मुलींना त्यांनी युरोपला पुढं पाठवलं. 22 नोव्हेंबरला ‘व्हिल द्यु हाव्र’ या बोटीची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि ती बारा मिनिटांत बुडाली. 226 माणसं गेली. चारही मुली त्यात होत्या. ॲना वाचल्या. एकटीच वाचले, अशी त्यांची तार आली. स्पॅफर्ड बायकोला आणायला निघाले. इथपर्यंत सगळं पक्कं आहे. मुली बुडाल्या त्या जागेवरून आपली बोट गेली, हेही त्यांनी स्वतः एका नातलग बाईंना पत्रात लिहिलं आहे.

पण ‘इट इज वेल विथ माय सोल’ त्यांनी तिथंच लिहिलं का? याला दोन साक्षी आहेत आणि त्या जुळत नाहीत. एक साक्ष त्यांची नंतर झालेली मुलगी बर्था हिची. ती म्हणते, समुद्रावर लिहिलं. दुसरी सँकींची. ते म्हणतात, 1876 मध्ये शिकागोत मी त्यांच्या घरी काही आठवडे पाहुणा होतो, त्या दिवसांत मुलींच्या आठवणीत त्यांनी हे गीत लिहिलं.

कुणाचं मानायचं? बर्थाचा जन्म 1878 चा, म्हणजे तिनं जे सांगितलं ते घरात ऐकलेलं. सँकी त्या घरात राहिलेले, पण त्यांच्या पुस्तकाचीही एक कथा आहे. आठवणींचं हस्तलिखित घेऊन ते बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात असताना 1902 मध्ये तिथं आग लागली आणि कागद जळाले. पुढं त्यांची दृष्टीही गेली. आज आपण वाचतो तो मजकूर त्यांनी नंतर आठवून पुन्हा सांगितलेला आहे, मूळ घटनेनंतर जवळपास तीस वर्षांनी. म्हणजे एक साक्ष ऐकीव आणि दुसरी जुन्या आठवणीची. म्हणून मी आता एवढंच म्हणेन, की शब्द 1873 ते 1876 मधले, आणि समुद्रावर लिहिल्याची गोष्ट ही कुटुंबानं जपलेली आठवण म्हणून सांगावी, सिद्ध झालेली म्हणून नाही.

चाल मात्र नक्की 1876 ची, फिलिप ब्लिस यांची. त्यांनी चालीला त्या बुडालेल्या बोटीचंच नाव दिलं. ब्लिस गरीब घरचे, पेनसिल्व्हेनियात वाढलेले. शिकागोला रूट यांच्याच संगीत प्रकाशन संस्थेत त्यांनी काम केलं. ऐकलेल्या गोष्टीतून गाणं काढायची त्यांची हातोटी होती. 1864 मध्ये यादवी युद्धात अलाटूना खिंडीत वेढलेल्या सैनिकांना मदत येत असल्याचा निरोप मिळाला, ही हकिकत मेजर व्हिटल यांनी एका सभेत सांगितली. त्यावर ब्लिसनी ‘होल्ड द फोर्ट’ लिहिलं. पुढं त्याच चालीवर कामगार संघटनांनी आपले शब्द बसवले.

29 डिसेंबर 1876 च्या रात्री ओहायोत ॲश्टाब्युला नदीवरचा पूल गाडीखाली कोसळला. वर हिमवादळ, खाली डब्यांना आग. सुमारे नव्वद माणसं गेली. ब्लिस आणि त्यांची पत्नी त्याच गाडीत होते. त्यांचे देह ओळखूही आले नाहीत. वय 38. बोटीच्या अपघाताच्या शोकगीताला चाल देणारा माणूस त्याच वर्षी आगगाडीच्या अपघातात गेला.

मराठीत आल्यावर

ही गाणी मराठीत आली तेव्हा चालीही बरोबर आल्या. पण मराठी ख्रिस्ती मंडळींनी तेवढ्यावर भागवलं नाही. अहमदनगरकडं कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी वळणाची पदं केली. पुढं नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग, ओव्या आणि भजनं एवढी लिहिली की आजही त्यांच्यावाचून मराठी उपासनेचं पुस्तक पुरं होत नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं टिळक म्हणत. परक्या चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होते, हे कवीच्या कानाला खुपणारच. तरी दोन्ही प्रकार टिकले. एकाच रविवारी ऑर्गनवर सँकीची चाल आणि मग तबला-पेटीवर टिळकांचं भजन, हे मी वडिलांबरोबर दाराशी बसून लहानपणी ऐकलं आहे.

शेवटी बाईंकडं गेलो. टाळत होतो, पण निबंध छापून येण्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मधे एकदाच चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "चार पोरी गेल्या हे खरं ना?"

"हो बाई, ते खरं."

"आणि गाणं त्यांच्याच बापानं लिहिलं?"

"हो."

"अरे, मग तीन वर्षं लागली असतील त्याला. मला वाटायचं, तिथल्या तिथं सावरला. मला काही तसं जमलं नाही रे. आता म्हटलं तर हेच बरं वाटतंय." आणि मग शाळेतल्यासारखं, "पुढच्या वेळी नीट बघून सांगत जा."

तेव्हा ही दुरुस्ती मंडळाच्या दप्तरात नोंदवावी. आणखी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी जुनी मराठी गीतपुस्तकं असतील तर बैठकीला आणावीत. पुष्कळ पुस्तकांत चालीचं नाव असतं आणि मूळ कर्त्याचं नसतं, भाषांतर करणाऱ्याचं तर क्वचितच. पानांवर कुणी पेन्सिलीनं नाव, तारीख, सूर लिहिलेला असेल तर तोही खोडू नये. वडिलांच्या दुरुस्तीच्या वह्या मी घेऊन येतो. कुठल्या चर्चची पेटी कधी आली, तिला काय झालं होतं, हे त्यांत आहे. दोन्ही समोरासमोर ठेवून यादी करायला बसू.